पत्र्यावरचा दात

पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक,
कौटुंबिक न्यायालयाच्या मागच्या अंगाला
मी एक खोली उघडते.
सतरंजी आहे. तीन चाकांचा ट्रक आहे, मूळचा चार चाकांचा.
भिंतीवर कुणीतरी रंगवलेला जिराफ,
मानेला भिंत पुरली नाही म्हणून छतावर वळवलेला.

पूर्वा दराडे, वय सात वर्षे दोन महिने.
आई मखमलाबादहून स्कूटीवर आणते,
फाटकाशी सोडते, फाटकाशीच थांबते,
कानटोपी न काढता.
बाप सातपूरहून येतो, कंपनीच्या निळ्या शर्टात,
पहिली पाळी अर्धी टाकून.
दोघांच्या मध्ये वीस पावलं, एक बंद पडलेली जीप
आणि एकशे चाळीस पानं.

पानं मी वाचली आहेत.
परिच्छेद अकरा : मुलीला ताप असताना आइस्क्रीम दिले.
परिच्छेद बारा : दिले हे म्हणणे खोटे असून नाकबूल आहे.
सत्ताविसाव्यात तिची बाहुली आहे,
गॅलरीतून कुणी फेकली ते अजून ठरायचं आहे.

पूर्वाच्या दप्तरात पाण्याच्या दोन बाटल्या.
हिरवी इकडची, जांभळी तिकडची.
इकडे म्हणजे कुठे, ते ती समोर कोण आहे ते बघून ठरवते.
माझ्यासमोर दोन्ही घरं तिकडे.
कुणासमोर कुणाचं नाव काढून हसायचं नाही
हे तिला पाढ्यांच्या आधी आलं.

आई विचारते, काय म्हणाले? काही नाही.
बाप विचारतो, आई काही बोलते का गं? काही नाही.
मी विचारत नाही.
मी पेन्सिलींना टोक काढते.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत एवढंच शिकले,
टोक काढताना मुलं बोलतात.

या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, साडेबाराला,
बापानं आणलेल्या पेरूत तिचा दात रुतला
आणि निघालाच.
रडली नाही. मुठीत धरला.
बाप रुमाल शोधत होता, रक्तासाठी की दातासाठी, देव जाणे,
तेवढ्यात ती टेबलाला वळसा घालून माझ्या कानाशी :
"कुणाला द्यायचा?"

मला परिच्छेद दिसला. क्रमांकासह.
की, सदर दात दिनांक अमुक रोजी जाबदेणार यांनी...

मी म्हटलं, आमच्या सिन्नरला दात कौलावर टाकायचे.
उंदीर नेतो. त्याचा आणून देतो.
"तिकडे स्लॅब आहे," ती म्हणाली,
मग थोडा विचार करून,
"तिकडे पण."

टायपिस्टांच्या शेडवर मात्र पत्रा आहे.
गांगुर्डे शिपायाला म्हटलं, दार बघा.
पहिल्यांदा नेम चुकला.
आम्ही दोघी गुडघ्यांवर,
बिडीची थोटकं, टाचण्या, अर्धं फाटलेलं तिकीट,
त्यात तांदळाएवढा दात.
दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटून फेकला.

टण्.

एवढासा आवाज.
बापानं दारातून वर पाहिलं. आईनं फाटकातून वर पाहिलं.
मग आईनं घड्याळ पाहिलं,
एकला सात कमी होती.

अहवालात लिहिलं, भेट शांततेत पार पडली.
मुलीने पेरू खाल्ला.
रकाना सहा, इतर निरीक्षणे : निरंक.
सही केली, शिक्का मारला, तो जरा तिरका आला.

आज तिसरा शनिवार.
त्याच पत्र्याखाली एका बाकावर दोन्ही बाजूंचे वकील
एका बशीतली भजी खातायत.
पूर्वानं ओठ वर करून हिरडी दाखवली. रिकामी.
"मॅडम, उंदराला पत्ता कुठला दिलाय?"

मी पेन्सिल घेतली.
तिला टोक होतं.
तरी काढत बसले.