घोडा नसलेली भिंत

धडगावच्या दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीपलीकडे,
जिथे पूर्वी सलाइनचे रिकामे खोके रचत,
तिथे आता एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी.
दारावर पाटी : महिला साहाय्य कक्ष.
पाटी वाचता येणाऱ्या बायका
इथे फारशा येत नाहीत.

वेस्तीबाई आली, तेव्हा उजवा हात गळ्यात बांधलेला.
नोंदवहीत रकाना असतो : घटनेचे स्वरूप.
मी पेन उघडून बसले.
ती म्हणाली, यंदा आंबा बरा आला,
आमचूर वाळत टाकलंय पत्र्यावर,
आता कोण उलटवेल?

एवढंच.
बाकीचं भाच्यानं सांगितलं, दाराबाहेरूनच.
शेजारचं पोर तापानं गेलं,
बडव्यानं दाणे टाकले,
दाण्यांत हिचं नाव निघालं.
'डाकीण' म्हणताना
तो आपल्या चपलेकडे बघत होता.

तिसऱ्या खेपेला तिनं पळसाच्या द्रोणात
पांढरी माती कालवून आणली.
ही भिंत कोणाची?
सरकारची, मी म्हणाले.
म्हणजे कोणाचीच नाही,
असं म्हणून डावं बोट बुडवलं.

डाव्या हाताचे ठिपके. तिरके, ओघळलेले,
कुठे दोन एकमेकांत मिसळलेले.
मी मूर्खासारखी म्हणाले,
घोडा काढ ना, पिठोऱ्यात असतो तसा.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.
घोडे पुरुष काढतात, देवाला आणायला.
देव त्या दिवशीही तिथंच होता.
मग तिनं कोंबडी काढली,
उखळ, मोहाचं झाड,
आणि चुलीभोवती पाठमोऱ्या बसलेल्या बायका.
त्यांना चेहरे नकोत, म्हणाली,
चेहरा दिसला की विचारतात, काय झालं.

नंतर मोलगीकडची एक आली, मान भाजलेली.
चुलीतल्या जाळाला हात लावला नाही,
मोहाला मात्र फुलं दिली, पन्नासेक.
शहाद्याची मास्तरीण, गॉगल न काढता,
पर्समधल्या नेलपॉलिशनं
कोंबडीला लाल तुरा देऊन गेली.
काही जणी नुसत्या बसून राहिल्या.
एक जण दोन ठिपके देऊन गेली, परत आली नाही.
तिचं काय झालं, मला माहीत नाही.

तपासणीआधी चुना मारायला माणूस आला.
बादली ठेवून बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, या बाजूची भिंत ओली आहे, ताई,
चुना धरणार नाही.
भर मे महिना होता.

खुर्चीच्या पाठीमागे, कोणाला दिसणार नाही असा
एक ठिपका माझा आहे.
माहेर शिरपूरचं, सासर विचारू नका.
रकाना कोराच.

काल वेस्तीबाई आली होती. हात सुटलाय,
मूठ अजून पुरती मिटत नाही.
पदराच्या गाठीत आमचूर, माझ्यासाठी.
कोणीतरी उलटवलं होतं म्हणे,
ती इथं होती तेव्हा, रोज, दोन्ही बाजूंनी.
कोण ते गावात कोणी सांगत नाही.
तिनं चौकटीबाहेर, जिन्याकडच्या भिंतीवर,
एक ठिपका दिला,
जरा मोठा,
आणि बोट पदराला पुसलं.