एकोणीस मिनिटं

डिसेंबरात आली होती तेव्हा शाल्मलीनं
तोमरांच्या बांधकामाच्या रेतीत
माझा लोकरी मोजा पुरला.
मोज्यात तिचं ते यंत्र, मुठीएवढं.
म्हणाली, बाबा, शोधा.
बर्फाखालच्या माणसाजवळ फार तर पंधरा मिनिटं असतात.

दौलतगंजातले लोक बघत उभे.
मी दुसरं यंत्र हातात धरून वाकलेला,
आकडे उतरतील तिकडे सरकत,
चार, दोन, पुन्हा तीन,
मग लांब काठी टोचली, मग फावडं.
मोजा निघाला एकोणिसाव्या मिनिटाला.
तोमरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.
शाल्मलीनं नाही.

उतार मला ठाऊक आहेत.
तीस वर्षं कालव्यांचे भराव मोजले.
कोरडी रेती चौतीस अंशांवर थांबते,
वरून कितीही ओता.
बर्फाचं तसं नाही, ती म्हणाली,
तो फक्त थांबलेला दिसतो.

आता एप्रिल. ग्वाल्हेरात नऊ वाजताच
गच्चीची फरशी पाय भाजते.
तिकडे लाहौलात रात्र मोकळी हवी, चांदण्यांची,
म्हणजे बर्फ घट्ट बसतो.
ढग आले तर पांघरूण घातल्यासारखं,
वरचा थर ओलाच राहतो.
पाय घोट्याच्या वर रुतला की मागे फिरायचं.
उन्हाकडून बर्फाचे गोळे आपसूक गडगडू लागले की
विचारसुद्धा करत बसायचं नाही.
उतार एकेकानं ओलांडायचा,
बाकीच्यांनी त्याच्यावरून नजर काढायची नाही.
अकराच्या आत खाली.

हे सगळं मी लिहून ठेवलंय
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर.

साडेदहा.
किल्ल्याचा खडक उन्हात पांढुरका.
अकरा.
पोळ्या झाकून ठेवल्या.
बारा.

बारा चाळीसला फोन थरथरला:
‘रात्री गोठलंच नाही. अर्ध्यातून परतलो. भूक लागलीये.’
खाली फोटो. पावलांची रेघ चढत गेलेली
आणि मध्येच वळलेली.
तिच्या वर कोरा उतार, इतका देखणा
की मला त्याचा राग आला.
फोटोत कोन खरा येत नाही, माहीत आहे.
तरी कोनमापक लावलाच. अडतीस.

मग जिना उतरलो.
रेती संपत आलीय, तोमरांचा दुसरा मजला चढलाय.
उरलेल्या ढिगात मोजा पुरला, रिकामाच,
आणि त्यांच्या धाकट्याला म्हटलं, बेटा, घड़ी देख.
नुसतं खणणं तरी
सहा मिनिटांच्या खाली यायला हवं.