रविवारचा आकडा

"वाफच आहे गं," डेन्झिल म्हणतो.
गाडीच्या काचा वर, न्यूलिनचा खारा वारा बाहेर.
आत कलिंगडाचा वास,
कुठल्याच कलिंगडाला न येणारा.

मागच्या सीटवर टेगन
जाकिटाची चेन नाकापर्यंत ओढते.
खोकत नाही; खोकलं की बाबा गप्प होतो.

रात्री नळीत फुंकते. काटा एकशे नव्वदला अडतो.
वहीत लिहिते, बारीक, पेन्सिलने.
आईकडच्या रविवारी दोनशे साठ.
सोमवारी पुन्हा दोनशेच्या आत.

बिलं शोधताना वही त्याच्या हाती लागते.
भरती-ओहोटीचं कोष्टक तो नुसत्या नजरेने वाचतो;
इथे प्रत्येक ओळीवर बोट ठेवावं लागतं.

सकाळी चारही काचा खाली.
टेगन कुडकुडते. "बंद करू?"
"राहू दे."
त्याचा हात खिशापर्यंत जातो,
परत स्टिअरिंगवर येतो.