विरजण

डेल्फझाइल, रात्रपाळी.
खाडीवरचा वारा लोखंडी शिडी वाजवतोय.

अर्ध्या लिटरच्या चंबूत
हिल्केला हेच द्रावण तासाभरात स्फटिक द्यायचं,
बर्फात बुडवलं की झालं.
इथे सहा हजार लिटर.
पोट वाढतं, कातडी त्या मानानं वाढत नाही,
आतली धग आतच घुमते.

घाईनं थंड केलं,
तर भिंतींना साय धरली, मधे सगळं पातळच,
आणि खालचा व्हॉल्व्ह बुजला.

"आकडे बरोबर आहेत," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

एप्पोनं लॉकरमधून बरणी आणली,
मार्चच्या बॅचमधलं मूठभर.
"एकोणचाळीसवर टाक. ढवळणी मंद."

पहाटे काचेच्या झरोक्यात
पांढरं काही गरगरू लागलं.

हिल्केनं वेळ नोंदवली,
कारणाचा रकाना कोरा सोडला
आणि जाताना
एक रिकामी बरणी मागितली.