हातभर भिंत

दुकानातल्या कॅलमने विचारलं,
भिंती किती जाड आहेत?
खोल्या किती, माणसं किती, गेम खेळतं का कुणी,
याची उत्तरं मी घोकून गेलो होतो.
भिंतीचं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

घरी येऊन खिडकीच्या चौकटीत हात घातला.
कोपरापासून बोटांपर्यंत, आणि वर चार बोटं.
ॲबर्डीनचा ग्रॅनाइट.
पावसात काळा, उन्हात अभ्रकासारखा लुकलुकणारा,
दीडशे वर्षं समुद्राचा वारा अडवत उभा.
त्याला काय कळणार
कशाला अडवायचं, कशाला आत घ्यायचं.

मृदुला चौदा दिवस समुद्रात असते,
तेलाच्या फलाटावर, नकाशात जिथे नुसता निळा रंग.
रात्री साडेनऊला तिचा फोन.
जुन्या डब्यावर ती तुकड्यातुकड्यांनी यायची:
आधी कपाळ, मग आवाज,
मग 'अरे, ओवीला' एवढ्यावर
तोंड उघडं ठेवून थिजायची.
ओवीला काय? औषध दे? ओरडू नकोस?
मी आपला अंदाजाने करायचो काहीतरी.
बहुतेक वेळा चुकायचं.

तर हा नव्वद पौंडांचा नवा राउटर.
उताणा पडलेला किडाच जणू, चार पाय वर.
आठ पायांचाही होता,
पण कॅलम म्हणाला, ग्रॅनाइटपुढे पाय मोजू नका,
जागा शोधा.

शनिवारभर मी त्याला कडेवर घेऊन फिरलो,
मागे पिवळी वायर फरफटत.
ओवी पार टोकाच्या खोलीतून ओरडत होती,
दोन!
दोनच!
बाबा, गेली!
टीव्हीमागे नको, खिडकीत नको
(तिथून तो फक्त सीगलना वाय-फाय देत होता),
मायक्रोवेव्हशी तर त्याचं उभं वैर.
शेवटी पॅसेजमध्ये, बुटांच्या कपाटावर,
जिथून घराची सगळी दारं दिसतात.
तीन! बाबा, हलू नका!
मी हललो नाही.
मग लक्षात आलं, हलायचं नव्हतं ते राउटरने.

बुडाशी मुंग्यांच्या अक्षरातली चिठ्ठी.
हा शून्य की ओ?
माझा चष्मा हरला, ओवीचे डोळे जिंकले.
फोनने शेजाऱ्यांची यादी पुढे टाकली,
तीन वर्षं जिन्यात नुसती मान हलवलेली माणसं:
एक 'आमचा नाही हा', एक 'डंकनचा किल्ला',
एक नुसताच आकड्यांचा, कुणी बारसंच न केलेला.
आमच्याचं नाव ओवीने ठेवलं: खारूताई.
पासवर्ड मी:
शेंगदाण्याचंकूट, सलग, रोमन लिपीत, शेवटी सात.
म्हटलं, या अख्ख्या शहरात कुणाच्या बापाला सुचणार नाही.

आणि संध्याकाळी वरच्या मिसेस क्रुकशँक दारात.
बुधवारच्या वादळापासून त्यांची लाइन मेलेली,
मुलगा कॅनडात, नात आज एक वर्षाची.
हातात वही, पेन्सिलीला नुकतंच टोक काढलेलं.
मी एकेक अक्षर सांगत गेलो,
त्या मोठ्याने वाचत गेल्या,
शेन्-गा-डान्-या,
दारातल्या थंडीत, एक्याऐंशी वर्षांच्या दातांनी,
आणि शेवटी म्हणाल्या, हे खातात का?
ओवीने वाटीभर आणून दिलं.
वर जाताना जिन्यात त्या चिमूट तोंडात टाकत होत्या.

साडेनऊ.
मृदुला आली. अख्खी.
कानामागचा हेल्मेटचा वळ, ओठाची सुकलेली साल,
मागे कुणीतरी चहा ढवळत होतं, तो चमचासुद्धा.
बोलता बोलता ती थांबली.
तोंड किंचित उघडं, डोळे माझ्यावर.
एक सेकंद. चार.
मी उठलोच, पॅसेजकडे निघालो,
नव्वद पौंड, कॅलम, ग्रॅनाइट, सगळ्यांच्या नावाने पुटपुटत.
मागून आवाज आला,
कुठे चाललास?
म्हटलं, अडकलीस ना.
नाही रे, म्हणाली,
बघत होते.