मंगळवारचे पाय

मंगळवारी तिला चारशे मीटर पुरतात.
लाल मातीचा ट्रॅक, आतल्या लेनमध्ये
कालच्या गायींचे खूर उमटलेले.
ती बारा वेळा सुटते. मी रेषेवर,
हातात घड्याळ, ओठांवर आकडा:
सत्तर. सत्तर. एकोणसत्तर.
"सांगू नकोस," ती म्हणते, "मला पायांतून कळतं."
मध्ये एक मिनिट.
तेवढ्यात कमरेवर हात ठेवून ती केरियोच्या दरीकडे बघते,
खालून कुणी हाक मारणार असल्यासारखी.

रविवारी पहाटे मी मोटारसायकल काढतो.
हँडलला दोन बाटल्या:
एकीत पाणी, एकीत गार झालेला गोड चहा.
अडतीस किलोमीटर.
दिव्याच्या उजेडात जेरोतिच पुढे,
तिची सावली तिच्याहून कितीतरी लांब,
आणि दोघींनाही घाई नाही.

चेबोर सर म्हणतात,
दोन डगरींवर पाय ठेवलास तर दरीत जाशील.
पाच हजार सोड. ऑक्टोबरात लिस्बन आहे, पोरगी आहे, बँकेचं कर्ज आहे.
ती बुटातला खडा काढत म्हणते,
सर, आम्ही डगरीवरच जन्मलो.
आई दर शुक्रवारी आंब्यांसाठी खाली जायची, पळत,
आणि वर यायची पाठीवर पोतं, कपाळावर पट्टा,
दर वळणावर थांबत.
तिला कुणी विचारलं नाही, तू नक्की कुठली?

नाकुरूत शेवटच्या फेरीची घंटा झाली
आणि एकोणीस वर्षांच्या दोघी
हातातून मासा निसटावा तशा निसटल्या.
मग आणखी एक.
जेरोतिच चौथी. नऊ सेकंद.
सरांनी वहीचं पान उलटलं, एवढंच.
ती माझ्याकडे आली, धाप जेमतेम:
"साडेबारा फेऱ्या झाल्या, किबी.
माझ्याकडे अजून साठ होत्या. कुणी मागितल्याच नाहीत."
आणि हसली. मी हसलो नाही, मला बसभाडं आठवत होतं.

त्यानंतरच्या रविवारी, तेहतिसाव्या किलोमीटरला,
शाळेच्या चढावर,
तिच्या टाचा अचानक जमीन विसरल्या.
मंगळवारचे पाय! मी ओळखले.
या रस्त्यावर पहिल्यांदाच मला गिअर बदलावा लागला.
कुंपणावरची पोरं ओरडली, एक कुत्रा निघाला आणि परत फिरला.
चहाच्या टपरीपर्यंत टिकलं ते.
मग काही नाही.
उरलेले दोन किलोमीटर ती चालत आली,
मला, सरांना, चढाला शिव्या देत,
आणि बाटलीतला चहा संपवून टाकला.

आता रात्र.
गायींच्या आचळांना लावायची जेली
माझ्या तळव्यावर वितळतेय.
ती झोपलीय. डावी पोटरी मधूनच उडते, चटकन,
रेषेवरून सुटावं तशी.
उजवी संथ, उबदार,
अजून जंगलातल्या कुठल्याशा रस्त्यावर.

आधी कुठल्या पायाला हात लावू?