बाकी

एकतीस वर्षं धुळे डेपोत कंडक्टर होतो.
माझी भाषा तेवढीच:
पुढे सरका. सुट्टे द्या. जागा नाही.
घरीही तीच निघायची तोंडातून.
पोरं म्हणायची, अण्णा आले, सुट्टे काढून ठेवा.

रिटायर झालो त्याच वर्षी मोरीत घसरलो,
हात मोडला, पंच धरायचा तोच.
सिव्हिलला प्लास्टर काढायला बसलो होतो,
मे महिना, पंखा फिरत होता पण वारा नव्हता,
अंगावर जुनी खाकी पँट. फाटत नाही म्हणून घालतो.

त्या पँटीमुळेच ती आली माझ्याकडे.
सायजाबाई चौरे, पिंपळनेरच्याही पुढून, डोंगराकडून.
घडीघडीनं मऊ पडलेला कागद पुढे केला:
"भाऊ, आठे काय लिखेल शे?"

मी इथला नाही, म्हणालो.
म्हणालो म्हणजे, तोंड आपोआप म्हणालं,
जसं स्टँडवर म्हणायचं, जागा नाही,
मागची चार बाकं रिकामी असतानाही.

ती हलली नाही. मग वाचला.
तीनच शब्द होते: उपाशी पोटी येणे.
तीनदा आली होती बाई, पहिल्या गाडीनं,
तीनदा स्टँडवर भाकरी खाऊन,
लांबचा पल्ला, पोटात काही हवं म्हणून.
तीनदा खिडकीतून आवाज आला: परत या.
परत या कशाला, ते कुणी सांगितलं नाही.
कागदावर होतं ना.

मला त्या वेळी शेवाळी फाटा आठवला.
का आठवला, सांगतो.
एका म्हाताऱ्याला मी तिथं उतरवलं होतं,
तिकिटाला दोन रुपये कमी पडले म्हणून.
भर दुपार. त्यानं काही म्हटलं नाही,
फक्त टोपी नीट केली.
डबल बेल मीच मारली.

सायजाबाईला सांगितलं, उद्या काही खाऊ नका.
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं:
"मंग तू बी खावू नको."

रात्री ती वऱ्हांड्यात झोपली.
सकाळी मी चहा घेतला नाही.
बायकोनं विचारलं, आज कुठला उपास?
काय सांगणार. म्हटलं, असाच.
सात ते अकरा, रांगेत दोघं उपाशी,
मला चक्कर आली, तिला नाही आली.
रक्त दिल्यावर लिंबाखाली बसलो,
तिनं फडकं सोडलं: कळण्याची भाकरी, ठेचा.
ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं.
ठेच्यानंच.

जाताना तिनं दहाची नोट काढली, चहा पी म्हणून.
मी म्हणालो, सुट्टे नाहीत.
एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय!
ती हसायला लागली, दात नसलेलं हसू:
"ऱ्हाऊ दे, बाकी मंग लिसू."

तेव्हापासून जातो, सोमवार ते शनिवार.
कुणी नेमलेलं नाही. कुवर सिस्टर आधी वैतागायच्या,
आता म्हणतात, अण्णा, तीन नंबरला बघा जरा.
ज्याला वाचता येत नाही
त्याच्या कागदामागे चित्र काढतो:
भाकरी, तिच्यावर फुली.
सूर्य काढला की सकाळची गोळी.
चंद्र मला नीट जमत नाही,
लोक केळं समजतात. एकानं खरंच केळं खाल्लं, गोळी राहिली.

चांगला माणूस झालो का, माहीत नाही.
परवाच एकावर खेकसलो, रांग मोडली म्हणून.
मग त्याला पाणी आणून दिलं. त्यानं घेतलं.
पण घरी पोरं सुट्ट्यांची गोष्ट काढत नाहीत आताशा,
आणि "पुढे सरका" म्हणतो तेव्हा
मी आधी हात धरतो.

सुट्टे नसले की आम्ही
तिकिटामागे बाकी लिहून द्यायचो,
उतरताना मागून घ्या.
शेवाळी फाट्यावर उतरला त्याच्याकडे
तिकीटच नव्हतं.
कशामागे लिहिणार?

म्हणून मिळेल त्या कागदामागे लिहीत बसतो.